आठ जणांचा तंबू

या, जरा पुढे सरका. मागे बसलं की टाळांच्या आवाजात अर्धी गोष्ट हरवते. आज सायखेड्याच्या कोंडाजी आबांची गोष्ट सांगतो. ती घडली देवळात नाही, नाशकातल्या एका तंबूच्या दुकानात. पण ऐकून सांगा, तिथं देव नव्हता का?

"आबा, तुम्ही येताय का नाय, तेवढं बोला," आबांचा मुलगा अमोल म्हणाला. "येणार असाल तर हा आठ जणांचा घेऊ. नाय तर चौघांचा बास झाला."

सकाळी झेंडूचे क्रेट मार्केटला घालून सगळं घर तसंच दुकानात आलेलं. दुकानामागच्या मोकळ्या जागेत हिरव्या कापडाचा भला मोठा ढीग पडला होता. घोटीच्या पुढे धरणाच्या काठावर दोन दिवस राहायचं, असं सूनबाई सुवर्णानं ठरवलं होतं.

कोंडाजी आबा एका स्टुलावर बसले होते. उजवा हात खिशात. दोन वर्षांपूर्वी चारा कापायच्या कडबाकुट्टी यंत्रात त्या हाताची तीन बोटं गेली, तेव्हापासून तो हात खिशातच असतो. त्याआधी तीस वर्षं गावच्या कीर्तनाला पायपेटी त्यांची. खाली दोन्ही पायांनी आळीपाळीनं भाता हलवायचा, वर दोन्ही हातांनी सूर धरायचे. बोटं गेली आणि आबांनी पेटीवर चादर टाकली. मग कीर्तनाला जाणं सुटलं, गुणगुणणंही सुटलं. नात हर्षाली त्यांच्याकडे पेटी शिकत होती. पोरीची बोटं सुरांवर छान बसायची, पण पाय भात्यापर्यंत पोचायचे नाहीत. तिचं शिकणंही त्या चादरीखाली गेलं.

"चौघांचाच घे," आबा म्हणाले. "मी तिथं येऊन काय करू? घर राखतो."

"घराला काय पाय फुटलेत?" आबांच्या घरच्या, नवसाबाई, फणकारल्या. "दोन वर्षं राखताय, अजून कुठं गेलं नाय ते! अन् हे नाय तर मी पण नाय. सांगून ठेवते."

हर्षालीनं आबांकडे पाहिलं. आबांनी ढिगाकडे पाहिलं.

"दादा, आधी उभा तर करून बघा," दुकानातला मयूर म्हणाला. "बांबू नाही, खांब नाही. नुसत्या हवेवर उभा राहतो."

पण शनिवार, तारांच्या दुरुस्तीचा दिवस, लाईट गेलेली. विजेचा पंप मुका पडला होता. मयूरनं दोन पायपंप आणले. तंबूला दोन कमानी होत्या, एकेका कमानीला एकेक नळी जोडली. अमोल एका पंपावर चढला आणि धाडधाड लाथा घालू लागला. तिसऱ्या मिनिटाला नळी सुटली. मग मयूर दुसऱ्यावर चढला. एक कमान बसलेल्या म्हशीसारखी अर्धी उठली, फुसफुसली आणि पुन्हा आडवी झाली. अमोलनं कपाळ पुसलं.

"राहू दे भाऊ. चौघांचाच द्या."

"अरे, गाडीला किक मारतो का काय?" आबा एकदम बोलले. "भाता मारायचा नसतो. भरू द्यायचा असतो. सरक तिकडं."

त्यांनी स्टूल पुढे ओढलं. चपला काढल्या. एक पंप उजव्या पायाखाली घेतला, एक डाव्या. उजवा दाबला, डावा सोडला. डावा दाबला, उजवा सोडला. घाई नाही, खंड नाही. नळ्यांमधून एकसारखा श्वास वाहू लागला. तीस वर्षांची ती चाल पायांनी विसरलेली नव्हती.

ढीग हलला. एक कमान उठली, मागोमाग दुसरी. रस्त्यावरून जाणारी माणसं फाटकाशी थांबली. आणि मग नवसाबाईंनी सुनेचा दंड घट्ट धरला.

"सुवर्णा, ऐकतेस ना गं?"

आबांचे ओठ हलत होते. "रामकृष्ण हरी, रामकृष्ण हरी." पायांच्या चालीवर, आधी मनात, मग मोठ्यानं, मग चांगल्या खड्या आवाजात. फाटकाशी उभ्या एका भाजीवालीनं टाळी धरली. मयूरनंही धरली. हिरवं घर ताठ उभं राहिलं, आणि हर्षाली ओरडत आत पळाली.

"आठ जणांचाच द्या," अमोल म्हणाला.

आबा उठले. घाम पुसायला त्यांनी उजवा हात खिशातून काढला. काढला हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. उरलेल्या दोन बोटांनी त्यांनी कमान दाबून पाहिली. दगडासारखी.

"आम्ही माणसं पाच," ते मयूरला म्हणाले. "तिघांची जागा उरंल. तेवढ्यात पेटी बसंल का रं?"

"पेटी?" मयूरला कळेना.

"अहो, पण वाजवणार कोण?" नवसाबाईंनी हळूच विचारलं.

आबांनी हर्षालीला हाक मारली. स्टुलावर बसून तिला मांडीवर घेतलं आणि तिचे दोन्ही हात उचलून समोर हवेत धरले, जशी पेटीच पुढ्यात आहे.

"तुझे पाय पोचत नाय ना, बाय?" ते म्हणाले. "माझे पोचतात."

धरणाच्या काठी त्या तंबूत दोन दिवस पेटी वाजली. पुढच्या एकादशीला गावच्या देवळातही वाजली. तेव्हा माऊली, कुठल्याही कीर्तनात पेटीचा सूर कानावर आला की वरच्या बोटांना दाद द्याच. पण एकदा खाली वाकून बघा, आणि आमच्या कोंडाजी आबांची आठवण काढा.