चिंध्यांची वाट

"इथंबी बांध," खुशालरावांनी काठी जांभळाच्या बुंध्याला टेकवली.

शकुननं लुगड्याची पट्टी टरकावली आणि फांदीला बांधली. दलदल ओलांडताना चिंधीदेवीला एक चिंधी वाहायची, एवढी रीत तिला ठाऊक होती. सासरा मात्र झाडागणिक थांबवत होता. म्हाताऱ्याच्या मनात आहे तरी काय?

नवऱ्यानं, चंद्रभाननं, दंडावर तापला चिमटा ठेवला तेव्हा ती गाडीरस्त्यानं माहेरी पळाली होती. बापानं घरात घेतली. पण पंचायत बसली आणि आज खुशालराव सुनेला न्यायला आले. वाटेत ते आपल्या बहिणीच्या, माणिकबाईच्या फुलमळ्यात थांबले. माणिकबाई तोंडाची फटकळ. चंद्रभान एवढा दांडगा, पण या आत्याच्या उंबऱ्याला पाय लावत नसे. तिनं शकुनचा दंड पाहिला, आपलं जुनं लुगडं तिच्या हातात दिलं आणि भावाच्या कानाशी काहीतरी कुजबुजली. ते कुजबुजणंच शकुनला खात होतं.

"मामाजी, गाडीरस्ता सोडून इकडून काहून?"

"चाल मुकाट्यानं."

लव्हाळ्यांत काळं पाणी बुडबुडत होतं. "मोगलाईत पेंढाऱ्याईचे घोडे इथंच गडप झाले," खुशालराव म्हणाले. "या गोट्याच्या पल्याड पाय टाकला का मानूस गेला." पुढं एक पडका पार आला. "पलेगात उठलं हे गाव. इथून जमीन टनक लागते. पाह्य नीट."

इथं आपल्याला ढकललं तर शोधायला कोण येणार? तरी तिनं चिंधी बांधली.

रान संपलं. समोर गाव दिसलं. दूर घराच्या दारात चंद्रभान उभा होता. चिखलातून वाचले, पण कशासाठी, असं तिला वाटलं.

खुशालराव थांबले. तिच्याकडे न बघता म्हणाले, "सून घरी आनतो म्हनून पंचाईतीले शब्द देला होता. आनली. माहा शब्द झाला पुरा."

शकुनला काही उमजेना. तिनं घराकडे पाऊल उचललं.

"माणिक रात्री दाराले कडी लावत नाई," म्हातारा हळूच बोलला. "येताना चिंध्या उजव्या हाताले होत्या. जाताना डाव्या हाताले ठेवजो."