पाच स्टार

विनिताच्या टेबलावरचा फोन कुणी हात न लावता पिसाळल्यासारखा चालला होता. स्क्रीन सरकत होते, बटणं दाबली जात होती, मधूनच कीबोर्ड उघडून काहीबाही टाइप होत होतं. वालीवच्या त्या गाळ्यातल्या ऑफिसात याला मंकी टेस्ट म्हणत. अशा आंधळ्या पन्नास हजार टिचक्या खाऊनही ॲप बंद पडलं नाही, की ते पास.

ॲप पाण्याच्या तक्रारींचं होतं. सात महिने वापरात होतं, त्याची सुधारलेली आवृत्ती उद्या क्लायंटला, म्हणजे महापालिकेला, द्यायची होती. टेस्टचा फोन ऐन वेळी चार्ज होईना, म्हणून हर्षवर्धन सरांनी तिचाच लावायला सांगितला. आधी लॉगआउट कर, हे त्यांनी सांगितलं नाही आणि घाईत तिलाही सुचलं नाही. माकडाच्या हाती कोलीत देतात ते असंच.

दुपारी टेस्ट संपली. ॲप एकदाही बंद पडलं नव्हतं. विनितानं सवयीनं आपली तक्रार उघडली. उमेळ्यातल्या त्यांच्या बिल्डिंगला अकरा दिवस पाणी नव्हतं. सासूबाईंच्या नावानं केलेली तक्रार सरकत सरकत कशीबशी तिसऱ्या नंबरावर आली होती. उद्या माणूस येणार होता.

आता तिथं नंबरच नव्हता. माकडानं ‘समाधान झालं’ दाबून तक्रार बंद केली होती. वर पाच स्टार दिले होते आणि अभिप्राय लिहिला होता, ‘गगझक्षपप’.

विनिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरांनी शांतपणे सांगितलं की बंद झालेली तक्रार पुन्हा उघडत नाही, नवी करावी लागते, आणि नवी रांगेच्या शेवटी जाते. हा नियम तिनंच महिन्यापूर्वी तपासून पास केला होता. निदान ते स्टार तरी काढा, ती म्हणाली.

सर जरा घुटमळले. “राहू दे ना, विनिता. सात महिन्यांतलं पहिलंच समाधान आहे. क्लायंट फार खूश झालाय.”

ती काही बोलणार, तोच हातातला फोन वाजला. सासूबाई होत्या. इतक्या दिवसांनी त्यांचा आवाज हलका वाटत होता.

“अगं, समाधान झालं म्हणून मेसेज आलाय. होतं नव्हतं तेवढ्या पाण्यानं हंडे घासून घेतले. नळ उघडाच ठेवलाय. किती वाजता येईल गं?”