पथ्याची भाकर

"काऊन हो? हे काय खाऊन राह्यले?"

बनाबाईचा आवाज धामणगाव बढ्याच्या अख्ख्या स्टँडवर गेला. दयारामच्या हॉटेलातल्या बाकावर बसलेल्या भाऊरावांचा घास ओठातच थांबला. हातात वर्तमानपत्राचा तुकडा, त्यात जिलबी, आणि पाक पार मनगटापर्यंत ओघळलेला.

"अवं, एकच घेतली."

"एकच? दयाराम, खरं सांग. रोज येतात का हे?"

दयारामनं कढईत उगाच झारा फिरवला. "रोज नाई, वयनी. हप्त्यातून दोनदा."

हप्त्यातून दोनदा! बनाबाईला कानशिलं तापल्यासारखी वाटली.

पोळ्याच्या आधी मोताळ्याच्या दवाखान्यानं गावात रक्त तपासायचं शिबिर घेतलं होतं. दोघंही जाऊन रक्त देऊन आले. कागद मिळायचे त्या दिवशी बनाबाई निंदणाला गेली होती, म्हणून भाऊराव एकटेच गेले. संध्याकाळी ती परतली, तर ते दारातच बसलेले.

"मले साखर निघाली," ते म्हणाले. "तुहं समदं बराबर हाये. मले सध्या गोळी नाई. खान्यापिन्यातच आवरा म्हने. नाई आवरलं तं मंग डोये, पाय, काई सांगता येत नाई."

 दुसऱ्या दिवशीच बनाबाईनं पदर खोचला.

भाऊराव शाळेत शिपाई होते. आता त्यांची पेन्शन आणि बनाबाईची मजुरी यावर दोघांचं भागायचं. किराण्याला ठरलेले पैसे असत, त्यात एक रुपया वाढायचा नाही. रेशनचे गहू-तांदूळ घरात होते, पण पथ्याला ज्वारी हवी आणि ती विकत घ्यावी लागे. मग बनाबाईनं तेल निम्म्यावर आणलं. साखर यादीतून काढूनच टाकली. शेव, बिस्किटं, पापड सगळं बंद. निंदणाहून येताना ती शेताच्या धुऱ्यावरची तांदुळजा, घोळ अशी भाजी ओटीत भरून आणायची. बाजार उठता उठता जायची, म्हणजे गिलकी-दोडकी कमी भावात पडत. त्या वाचलेल्या पैशात ज्वारी बसली, मुगाची डाळही बसली.

"येगयं रांधू नको," भाऊरावांनी तेव्हाच सांगितलं होतं. "दोन तऱ्हेचं करशीन तं खर्च वाढन. मी खातो तेच तू खाय."

हे तिला पटलं. स्वतःसाठी वेगळा खर्च तिच्या हातून आजवर झालाच नव्हता. मागच्या वर्षी अशक्तपणा आला तेव्हा रोज कपभर दूध प्यायला सांगितलं होतं. दोन दिवस प्यायली, तिसऱ्या दिवशी त्याला विरजण लावलं आणि भाऊरावांना कढी करून वाढली. नवऱ्याच्या जिवाची गोष्ट वेगळी होती. त्यासाठी ती काहीही करायला तयार होती.

काहीही म्हणजे चहासुद्धा. पाकासारखा गोड चहा, एवढी एकच तिची जन्माची हौस. घरात साखरच नाही म्हटल्यावर तीही बिनसाखरेचा चहा काढ्यासारखा पिऊ लागली. संध्याकाळी भाऊराव फिरायला निघत. "एकट्याले चक्कर येते, तू चाल," म्हणत. दिवसभर कापूस वेचून पायांचे तुकडे पडलेले असले तरी ती तलावापर्यंत त्यांच्याबरोबर जायची.

आणि हा माणूस हप्त्यातून दोनदा जिलबी खात होता!

"उठा," ती म्हणाली. "मोताळ्याले जाऊ. डॉक्टरीनबाईसमोर सांगा, काय काय खाल्लं ते."

चार दिवसांपूर्वीच दोघं मोताळ्याच्या दवाखान्यात रक्त देऊन आले होते. जोडीनं दिलं की स्वस्त पडतं, असं भाऊरावांचं म्हणणं. आज कागद आणायला ते एकटेच निघाले होते. स्टँडपर्यंत पोचले आणि जिलबीपाशी अडकले.

"तू कायले येतं? मी आनतो नं."

"चाला म्हनते नं!"

एसटीत ती त्यांच्याकडं पाठ करून बसली. अर्धा रस्ता गेल्यावर मात्र राहवेना.

"तुमच्यासाठी माह्या तोंडचा गोड चहा काढला मी. सहा महिने झाले."

भाऊराव खिडकीबाहेर बघत होते. "मालूम हाये मले."

"मालूम हाये, तरी खाल्ली?"

 ते हळूच म्हणाले, "घरी जाऊ आपन. कागद उद्या आनू."

"काऊन? भेव वाटते?"

"हो," भाऊराव म्हणाले.

दवाखान्यात गर्दी नव्हती. तरुण डॉक्टरीणबाईंनी कागद काढला, वाचला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"वा! साखर छान उतरली. गोळीची गरजच नाही. हेच खाणं चालू ठेवा."

बनाबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "उतरली? बाई, तुमची मशीन बिघडली असन! हा मानूस जिलब्या खाऊन राह्यला! मी तेलाचा थेंब मोजते, बाजार उठेपर्यंत उभी राह्यते, कोरडी भाकर खाते, अन् हे स्टँडवर बसून पाक चाटते! याहिले चांगलं खडसावा. माहं ऐकत नाई, तुमचं तरी ऐकतीन!"

भाऊराव मान खाली घालून बसले होते. डॉक्टरीणबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि कागद तिच्यापुढं सरकवला.

"मावशी, यांना खाऊ द्या जिलबी. साखर यांना नाही, तुम्हाला आहे."