दक्षिणेची लव

कातड्यांचा व्यापारी ऑर्विल टॅकेटने रॅकूनच्या कातड्याची कड दुमडली, आतल्या लवेवर फुंकर मारली आणि मान हलवली. दुसरं उचललं, तिसरं उचललं. मग लोर्ना प्रुइटची सगळी चळतच त्याने ट्रकच्या फळीवरून तिच्याकडे परत सरकवली.

"बाई, हे रॅकून तुमच्या ओढ्यावरचे नाहीत."

"मग कुणाच्या ओढ्यावरचे?"

"ते तुम्हीच सांगा. पार दक्षिणेतल्या दलदलीतला माल आहे हा. फुंकर मारली की थेट कातडं दिसतं. आत लव म्हणून नाही, नुसते पिवळट राठ केस."

दाणावैरणीच्या दुकानामागे कातडी विकायला जमलेली माणसं गंमत बघायला पुढे सरकली. लोर्नाच्या मागे डेल्बर्ट हेनीचा नंबर होता. आपली कातडी काखेत धरून तो उभा होता आणि त्याला मात्र तिथून मागे सरकावंसं वाटत होतं.

"घाई करून लवकर धरलेत म्हणावं, तर तसंही नाही," टॅकेट सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होता. "कातड्याची बाजू बघा, सायीसारखी पांढरी. ऐन थंडीतली आहेत. सोललीतही छान, चरबीचा कण ठेवला नाहीत. म्हणजे दोष वेळेचा नाही, हाताचाही नाही. मुलखाचा आहे. देव थंडी बघून पांघरूण देतो, बाई. आपल्या टेकड्यांतल्या रॅकूनला रजई, तिकडच्याला चादर."

दोघंतिघं हसले. तिकडची स्वस्त कातडी आणून इथली म्हणून खपवणारी माणसं सगळ्यांना ठाऊक होती. एकदा का नावाला तो डाग लागला, की कुठलाही व्यापारी दारात ट्रक थांबवत नाही. आणि लाकडाच्या गिरणीत नवऱ्याची पाठ मोडल्यापासून लोर्नाचं घर हिवाळाभर तिने लावलेल्या सापळ्यांवरच चालत होतं.

"एकेक माझ्या सापळ्यातलं आहे," ती म्हणाली. मग वळली. "डेल्बर्ट, तू सांग ना रे यांना. तुला माझा ओढा माहीत आहे."

माहीत होताच. टेकड्यांत रॅकून उरले नाहीत, शिकारी कुत्री अंगणात लोळून लोळून लठ्ठ झाली, तेव्हा डेल्बर्टने आणि त्याच्या सोबत्यांनी कायद्याच्या नजरेआड दक्षिणेतून रॅकूनची खोकी भरून आणली होती. ती उघडली लोर्नाच्या ओढ्यावर, कारण तिकडे कुणी फिरकत नसे. ती जनावरं झोकांड्या खात बाहेर पडली आणि आधी पाणी प्यायली. 'आपला एक हिवाळा खाल्ला की आपल्यासारखीच होतील,' असं डेल्बर्टच म्हणाला होता. कुणी कुठे बोलायचं नाही, हेही त्यानेच ठरवलं होतं.

"ओढा तसा सखलात आहे," डेल्बर्ट म्हणाला. "तिथं थंडी जरा कमीच असते."

"कमी?" टॅकेट खो खो हसला. "अरे, माझा बाप त्या गोठलेल्या ओढ्यावरून घोडागाडी न्यायचा जानेवारीत! आणि नुसत्या थंडीनं काय होतंय? रक्तातच असावं लागतं ते. उद्या तिकडचा रॅकून इथं आणून सोडलास, तर एका हिवाळ्यात कोण शिवून देणार आहे त्याला रजई?"

चोराच्या मनात चांदणं. डेल्बर्टला रोख आपल्यावरच वाटला, पण टॅकेट आपला सहज बोलून गेला होता आणि कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. लोर्ना अजून डेल्बर्टकडेच बघत होती. त्याने मान खाली घातली. स्वतःची इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

लोर्नाने कातडी उचलली, एकावर एक नीट रचली, सुतळीने बांधली आणि ती आपल्या गाडीकडे निघाली.

"आण तुझी. आता खरा माल बघू दे," टॅकेट म्हणाला.

डेल्बर्टची कातडी वरच्या कड्यावरची. काळसर आणि भरदार. टॅकेट फुंकर मारी, लव दुभंगे आणि लगेच मिटे, कातडं काही दिसत नसे. "याला म्हणतात उत्तरेकडचा माल!" तो खुशीत आला. चळतीच्या मधोमध पोहोचला आणि थांबला. पुन्हा फुंकर मारली. लव उघडली ती उघडीच राहिली.

घरी वाळवतानाच ते एक डेल्बर्टला फिकट वाटलं होतं. म्हणून तर त्याने ते मध्ये घातलं होतं.

"तूही?" टॅकेट म्हणाला. "एकाच दुकानातून आणता वाटतं दोघं?"

पुन्हा कुणीतरी हसलं. ते ऐकून लोर्ना गाडीच्या दारातून परत फिरली. बर्फातून ताडताड चालत आली आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"ऑर्विल, मला काय बोलायचं ते बोललात. याला बोलायचं काम नाही. लहानपणापासून ओळखते मी याला. हा म्हणतो ना कड्यावर धरला, तर कड्यावरच धरला. हवी तर शपथ घेते मी."

"पण हा कुठं काय म्हणतोय?" टॅकेट म्हणाला.

लोर्नाने डेल्बर्टच्या दंडाला धरून त्याला पुढे केलं.

"बोल ना रे," ती म्हणाली. "खरं तेच सांगायचंय, घाबरतोस कशाला?"