आधी भांडं, मग दूध

आजोबांनी मायक्रोवेव्ह ओव्हनमधून दुधाची बाटली काढली, तळव्यात धरली, गालाला लावून पाहिली. कोमट होती. मांडीवरच्या नातीने बाटली दिसताच चोच वासली.

"बाबा, मनगटावर थेंब टाकून पाहिलात?" मुलीने दारातून विचारलं. एक चप्पल पायात, दुसरी हातात. बाळंतपणाची रजा संपून आज ती पहिल्यांदा कामावर निघाली होती.

"अगं, अख्ख्या कारखान्याचं जेवण रांधलंय मी. भाताचं पातेलं फडक्याशिवाय उतरवायचो. एवढंसं दूध मला भारी आहे का? भांडं कोमट म्हणजे दूध त्याहून कमीच गरम. आधी भांडं तापतं, मग दूध."

"तरी पाहा ना. माझ्या समाधानासाठी."

"आता रोज सकाळी परीक्षा घेणार वाटतं म्हाताऱ्याची!" ते हसले आणि त्यांनी बाटली नातीच्या ओठांशी नेली.

मुलगी एका चपलेनिशी धावत आली. बाटली हिसकावून तिने स्वतःच्या मनगटावर उपडी केली. दोनच थेंब पडले.

"आई गं!" ती किंचाळली. कातडी बघता बघता लालबुंद झाली.

तोंडाशी आलेला घास गेला म्हणून नातीने भोकाड पसरलं. आजोबांच्या तोंडचं पाणी पळालं.

"पण बाटली तर..."

"बाटलीला काय विचारता, बाबा! ते गॅसवरचं गणित. इथे आधी दूधच तापतं. तेही कुठे गार, कुठे उकळतं." तिने लेकीकडे पाहिलं. "हिच्या घशात गेलं असतं तर..."

तिने मनगट नळाखाली धरलं. मग बाटलीही धरली. खळखळून हलवली, दुसऱ्या मनगटावर थेंब टाकून पाहिला आणि बाटली वडिलांच्या हातात दिली.

"यापुढे ही ओव्हनमध्ये ठेवायचीच नाही. गरम पाण्यात उभी करायची, हलवायची, मग थेंब. आता तुम्ही टाका. मला बघू दे."

त्यांनी थेंब टाकला. थांबले. आणखी एक टाकला. मग आणखी दोन-चार. वर्षानुवर्षं वाफेने आणि फोडणीच्या तेलाने पोळून त्यांच्या मनगटाचं चामडं झालं होतं. दूध त्यावरून ओघळत कोपराकडे निघालं.

"कसं लागतंय?"

'कोमट' एवढं म्हटलं असतं, तर ती निर्धास्त कामाला गेली असती. शब्द ओठांवर आलाही होता.

"काहीच लागत नाहीये गं," आजोबा म्हणाले. "मघाचा थेंबही लागला नसता."

मुलीच्या पर्समध्ये फोन वाजू लागला. तिने तो घेतला नाही. ती नुसती त्यांच्या हाताकडे पाहत राहिली.

भुकेल्या नातीने रडणं थांबवलं, तो हात दोन्ही मुठींनी ओढला आणि ती मनगटावरचं दूध चुटुचुटु चोखू लागली. हात मागे घ्यायचंही आजोबांना सुचलं नाही.