जड स्टेअरिंग

सोमेश्वरनं वडिलांच्या जुन्या गाडीच्या पॉवर स्टेअरिंगचा पंप काढायला सांगितला, तेव्हा मिस्त्री चक्रावला. "पंप तर बराबर हाय, मग काहून काढायचा?" "आबांना आता नीट दिसत न्हाई. परवा कुरुंद्याच्या वळणावर गाडी हळदीच्या वावरात घातली. त्यांना नको म्हणायची माझी हिंमत न्हाई. स्टेअरिंग जड झालं, की आपसूक गाडी सोडतील." संध्याकाळी आबा गॅरेजात येऊन गाडीत बसले. दोन्ही हातांनी जोर लावला, तरी स्टेअरिंग जेमतेम वीतभर फिरलं. "पंप खराब झाला, आबा," सोमेश्वर दुसरीकडे बघत म्हणाला, "नवा मिळत न्हाई." आबा उतरले. मिस्त्रीच्या बाकावर चाचपडत त्यांनी काढलेला पंप शोधला आणि त्याची पुली बोटानं फिरवून पाहिली. ती अलगद फिरली. त्यांनी पंप आणि किल्ली लेकाच्या हातात ठेवली. "बसवून घे परत. आता तुलाच चालवायची हाय."