फुटका ठिपका

तिसरा डार्टही पोत्याला चाटून गेला आणि मागच्या सागवानी लाकडांच्या थप्पीत रुतला.

"बस झालं," रेंजर साहेब म्हणाले. "बंदूक खाली ठेव, संघप्रिया."

संघप्रियाने ठेवली नाही.

वनविभागाच्या लाकूड डेपोत वाघाच्या उंचीवर तणसाचं पोतं टांगलं होतं आणि मांडीच्या जागी चुन्याने गोल काढला होता. वाघाला डार्ट मारून बेशुद्ध करायचं आणि माणसांपासून दूर न्यायचं, हे बचाव पथकाचं काम. त्यासाठी नवा नेमबाज हवा होता आणि आज संघप्रियाची परीक्षा होती, कारण देवरावभाऊ काम सोडून देणार होते. नळीच्या टोकावरच्या माशीने, म्हणजे साध्या लोखंडी खुंटीने, नेम धरून त्यांनी आजवर कितीतरी वाघ-बिबटे निजवले. मग नेम धरायला लाल ठिपक्याची नवी साइट आली. तिच्या काचेतला ठिपका जनावरावर ठेवायचा आणि चाप ओढायचा, इतकं सोपं. पण नेमके तेव्हापासून त्यांचे डार्ट हुकू लागले. मागच्या उन्हाळ्यात एक हुकला आणि वाघीण पथकावरच धावून आली. श्रावण वनरक्षक अजून लंगडतो. "माहा हात गेला," एवढंच म्हणून देवरावांनी दुसरा माणूस शोधायला सांगितलं होतं.

"माहा हात बरोबर आहे, साहेब," संघप्रिया म्हणाली. "लाल ठिपका मले फुटलेला दिसते. चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईनं तपासलं. बुबुळावरचा पडदा सारखा गोल नाई माहा. अस्टिग्मॅटिझम म्हनते त्याले. चष्मा लावला तर घामानं काचच धुकटते."

"मग हा हट्ट कशाला? रोपवाटिकेत जागा आहे. सावलीत बसशील."

"सावलीत बसाले नाई आली मी. कपाटात हिरव्या ठिपक्याची साइट पडून आहे. ते लावून द्या."

लाकडांवर बसलेले देवराव हसले. "हिरव्या रानात हिरवा ठिपका? कुठी सापडन तो तुले, पोरी?"

"वाघ थोडाच हिरवा असते, भाऊ?"

पथकातली पोरं फिसकन हसली. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी कपाटाची किल्ली पाठवली.

साइट बसवून नेम जुळवण्यात बराच वेळ गेला. संघप्रियाने ठिपक्याचा उजेड अगदी कमी केला आणि काचेत पाहिलं. ठिपक्याला कडेला किंचित शेपूट होतं, पण ठिपका एकच होता. तिने श्वास रोखला आणि चाप ओढला. डार्ट चुन्याच्या गोलात बसला.

"लागला एखादा," साहेब म्हणाले.

तिने दुसरा मारला. तो पहिल्याच्या शेजारी जाऊन बसला. श्रावणने लंगडत जाऊन दोन्ही डार्ट उपटून आणले आणि वर धरून दाखवले.

"ठीक आहे," साहेबांनी मान हलवली. "नाव तुझंच पाठवतो."

संघप्रियाच्या छातीवरचं ओझं उतरलं. तेवढ्यात देवराव उठता उठता पुटपुटले, "मारता येते, तं लाल ठिपक्यानं काऊन रडून राह्यली होती? पाय तं त्याले असतेच, कोळ्यावानी. मधातलं पोट धरून मारा लागते."

ती जागच्या जागी थांबली. पथकातल्या एकेकाला तिने विचारलं होतं. साऱ्यांना लाल ठिपका गोल दिसत होता, कुंकवाच्या टिकलीसारखा. देवरावांना तेवढं विचारायची हिंमत झाली नव्हती. कोळ्यासारखा तो फक्त तिलाच दिसायचा, आणि 'फुटलेला' यापलीकडे, त्याच्या पायांचं तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

साहेब जीपकडे निघाले होते. ती गप्प राहिली असती, तर जागा तिची होती.

"भाऊ," तिने बंदूक पुढे केली. "एकदा यातून पाहा."

"माहा हात गेला, माय."

"हाताचं नाई म्हनत मी. नुसतं पाहा."

देवरावांनी बंदूक खांद्याला लावली. काचेत पाहिलं. डोळा बाजूला घेतला, चोळला, पुन्हा पाहिलं.

"हा तं गोल आहे," ते हळूच म्हणाले.

"सगळ्यायले लालही असाच गोल दिसते, भाऊ. तुमाले अन् मले नाई दिसत."

देवरावांनी डार्ट मागितला. भरला. नेम धरला. डार्ट सुटला आणि चुन्याच्या गोलाच्या ऐन मधोमध जाऊन थरथरत राहिला.

देवरावांनी आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरला. उलटा केला, सुलटा केला. दुसऱ्याचाच हात पाहावा तसा. मग त्यांनी श्रावणकडे पाहिलं आणि मान खाली घातली. वर केली, तेव्हा डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता.

"साहेब, मी काम सोडत नाई."

साहेब जीपपासून परत आले. "जागा एकच आहे, देवराव." मग ते संघप्रियाकडे वळले. "काय केलंस हे? मिळालेली जागा घालवलीस हाताने."

संघप्रियाने देवरावांच्या हातातून बंदूक घेतली आणि त्यात नवा डार्ट भरला.

"हात गेला समजून सोडलेली जागा कोनाले पायजे, साहेब?" ती म्हणाली. "आता लावा आमा दोघायची परीक्षा."